शाळेच्या बोर्डासमोर बोलायचंय? न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, ईमेल आली. मुलगी तिसरीत जाणार होती. मजकूर चारच ओळींचा: तुमचं घर शाळेपासून दोन मैलांच्या आत आहे, त्यामुळे या वर्षीपासून तुम्हाला बस मिळणार नाही. आमच्या अपार्टमेंटपासून शाळा 1.8 मैल. वाटेत चौपदरी रस्ता, त्याच्या निम्म्या भागाला फुटपाथ नाही. हिवाळ्यात बर्फ कडेला सारला की चालायला जागाच उरत नाही, पोरांना गाड्यांच्या लेनमधूनच जावं लागतं.

सप्टेंबरच्या बोर्ड मीटिंगला आम्ही अकरा पालक गेलो. सगळे तळमळून बोललो. अध्यक्षांनी प्रत्येकाला "थँक यू" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. नंतर पार्किंगमध्ये एक वयस्कर बाई भेटल्या. त्या वर्षानुवर्षं या मीटिंगांना येतात. त्या म्हणाल्या, "बसचे पैसे एप्रिलमध्ये बजेटच्या वेळीच कापले. त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही सहा जण होतो."

पुढचं दीड वर्ष हा कारभार समजून घेण्यात गेलं. तेच इथे क्रमाने लिहितेय. हे सगळं न्यू जर्सीचं आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर ढाचा बराचसा असाच सापडेल, पण कायदे आणि तारखा तुमच्या राज्याच्या बघा.

1. कोण काय ठरवतं, हे आधी नीट समजून घ्या

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळेचं काही अडलं की केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद, मग मंत्रालय, ही शिडी मी लहानपणापासून ऐकत आले. इथे तशी सवय ठेवून चालत नाही. न्यू जर्सीत सुमारे 600 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, आणि बहुतेक निर्णय त्या त्या गावातच होतात. डिस्ट्रिक्टचं स्वतःचं बोर्ड असतं, स्वतःचं बजेट असतं, आणि त्यासाठी स्थानिक करही बसवला जातो.

बहुतेक ठिकाणी बोर्ड निवडून येतं. साधारण नऊ सदस्य, तीन वर्षांची मुदत, दरवर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक. सदस्यांना पगार नसतो, कायद्यानेच तसं ठरवलेलं आहे. ही माणसं दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी येतात, हे बोलताना मनात असू द्या. बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं आणि रोजचा कारभार सुपरिंटेंडंट बघतात. पैशांचं सगळं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरकडे असतं. सगळे त्यांना "बीए" म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी बोर्डाचे सेक्रेटरीही तेच असतात. माझ्या मते नव्या पालकाने सगळ्यांत आधी ओळख करून घ्यावी ती या बीएंच्या ऑफिसातल्या माणसांशी. कागद तिथे असतात.

एकट्या बोर्ड सदस्याला काहीही अधिकार नसतो. ठराव होतो तो सगळ्या बोर्डाचा, जाहीर मीटिंगमध्ये. राज्याच्या आचारसंहितेत तर स्पष्ट लिहिलंय की सदस्याने शाळा चालवायच्या नाहीत, त्या नीट चालवल्या जाताहेत की नाही ते बघायचं. म्हणून शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या सदस्याला गाठून "तुम्ही फक्त एक फोन करा ना" म्हणणं म्हणजे त्यालाच अडचणीत टाकणं. आपल्याकडची ओळखपाळख इथे उलटी पडते.

आणखी एक घोळ म्हणजे मेयर. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल एकच येतं, पण त्यात शाळेचा, टाउनशिपचा (म्हणजे गावच्या नगरपालिकेचा) आणि काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) असे वेगवेगळे वाटे असतात. बहुतेक गावांत शाळेचा वाटा सगळ्यांत मोठा असतो, आणि तरीही शाळेच्या बजेटवर मेयरचा हात नसतो. फुटपाथ आणि क्रॉसिंग गार्ड (मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारा माणूस) मात्र शाळेचे नाहीत. गार्ड टाउनशिप नेमते, फुटपाथ कुणी बघायचा ते बहुधा रस्ता कुणाचा आहे त्यावर ठरतं. आमच्या प्रश्नाची दोन टोकं दोन वेगळ्या ऑफिसांत होती, हे कळायलाच आम्हाला चार महिने लागले.

"आम्ही तर भाड्याने राहतो, आम्ही काय बोलणार?" असं खूप जण म्हणतात. घरमालक टॅक्स भरतो तो तुमच्याच भाड्यातून. निःसंकोच बोला.

2. कॅलेंडर भिंतीवर लावा

सगळ्यांत जास्त लोक चुकतात ते इथे. आम्हीही इथेच चुकलो.

डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. पण पुढच्या वर्षीचं बजेट आखायला शाळा आदल्या हिवाळ्याच्या आधीच लागलेल्या असतात. मुख्याध्यापक आपापल्या मागण्या वर पाठवतात, बीए बेरजा मांडायला घेतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नोव्हेंबरमध्ये निवडणूक होणाऱ्या डिस्ट्रिक्टांत, नवे सदस्य शपथ घेतात आणि अध्यक्ष ठरतात. त्याच सुमाराला फायनान्स, ट्रान्स्पोर्टेशन वगैरे कमिट्यांवर कोण कोण आहे तेही ठरतं. फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नरांचं बजेट भाषण होतं आणि त्यापाठोपाठ प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याकडून किती मदत मिळणार ते आकडे येतात. मार्चमध्ये बोर्ड तात्पुरतं बजेट मंजूर करून काउंटीच्या सुपरिंटेंडंटकडे (हे राज्याचे अधिकारी, डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट वेगळे) पाठवतं. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जाहीर सुनावणी होते आणि बजेट पक्कं होतं.

सुनावणी नावाला सुनावणी असली, तरी तोवर फारसं हलवता येत नाही. शाळेसाठीचा कर वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवायला राज्याने मर्यादा घातली आहे. पटसंख्या, आरोग्यविमा, पेन्शन अशा काही गोष्टींना सूट मिळते, तेवढीच. म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही एक बस परत मागितलीत, तर बोर्डाला तेवढेच पैसे दुसरीकडून काढावे लागतात, आणि तिथले पालकही त्याच हॉलमध्ये बसलेले असतात.

2012 पासून डिस्ट्रिक्टांना बोर्डाची निवडणूक एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये घेता येते आणि बहुतेकांनी तोच मार्ग घेतला. अशा ठिकाणी बजेट 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर ते मतदानाला जातच नाही. बजेटवर तुमचं म्हणणं पोचवायची जागा उरते ती बोर्डाच्या मीटिंगांचीच.

म्हणून माझा सल्ला: पैशांचा प्रश्न असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत पहिलं पत्र गेलं पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीसारखी मागणी असेल तर शाळेचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर बोर्डासमोर कधी येतं ते आदल्या वर्षीच्या मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, शोधा. शाळा वर्षात किमान 180 दिवस भरावी लागते. त्यामुळे एक सुट्टी द्यायची तर एक दिवस कुठून आणायचा, याचं उत्तर तुमच्याकडेच तयार असेल तर बोलणं पुढे सरकतं.

3. खालून वर जा

शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग सुपरिंटेंडंटचं ऑफिस, मग बोर्ड. हा क्रम मोडू नका. आचारसंहितेप्रमाणे तक्रार आली की सदस्याने ती सुपरिंटेंडंटकडे पाठवायची असते, आणि तिथे मार्ग निघाला नाही तरच ती बोर्डापुढे यायची असते. क्रम सोडून थेट बोर्डाकडे गेलात तर महिनाभराने कागद फिरून पुन्हा मुख्याध्यापकांच्याच टेबलावर येतो.

प्रत्येक पायरीवर ईमेल करा, फोन नको. फोनवर बोलावंच लागलं तर त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" अशी दोन ओळींची ईमेल टाका. एक लक्षात ठेवा: बोर्डाला किंवा शाळेच्या ऑफिसला पाठवलेली ईमेल ही सरकारी नोंद असते. उद्या कुणी मागितली तर ती बाहेर येऊ शकते. रागात, रात्री अकरा वाजता, कुणाच्या मुलाचं नाव घालून लिहू नका.

नऊही सदस्यांना एकत्र ईमेल केलीत आणि कुणाचंच उत्तर आलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी सगळ्यांनी मिळून ईमेलवर चर्चा केली तर तीच बेकायदा मीटिंग ठरू शकते. 1975 च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टने चर्चा लोकांसमोर व्हायची असं ठरवलंय. उत्तर येतं ते बहुधा अध्यक्षांकडून किंवा सुपरिंटेंडंटकडून.

4. कागद मागा

आपल्याकडे 2005 चा माहितीचा अधिकार, तसं इथे "ओप्रा", म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. 2002 पासून लागू आहे. अर्ज डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतो. कस्टोडियन नावाचा अधिकारी असतो, बहुधा बीएच. नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कुणी विचारत नाही. उत्तर कामकाजाच्या सात दिवसांत यायला हवं. बजेट, बिलं, करार, पगार असे कागद तर एरवी लगेच दाखवायचे असतात. कॉपी ईमेलने घेतलीत तर सहसा पैसे पडत नाहीत, कागदावर घेतलीत तर साध्या पानाला 5 सेंट.

माझा पहिला अर्ज परत आला. मी लिहिलं होतं: "कर्टसी बस का बंद केली, याची सर्व माहिती द्यावी." यात दोन चुका आहेत. "का" हा प्रश्न आहे, नोंद नाही. ओप्राखाली असलेला कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. आणि "सर्व माहिती" म्हणजे नेमका कुठला कागद, हे त्यांना शोधत बसायचं नसतं. ईमेल मागायच्या तर कुणाकडून कुणाला, कुठल्या तारखांच्या दरम्यान, कुठल्या विषयावर, हे सगळं द्यावं लागतं.

दुसरा अर्ज मी असा केला: मागच्या तीन वर्षांचे बस ठेकेदारांचे करार, धोकादायक वाटांबद्दलची बोर्डाची पॉलिसी, आणि त्या पॉलिसीखाली आजवर जाहीर झालेल्या रस्त्यांची यादी. आधी मुदतवाढीचं पत्र आलं, मग 61 पानांची पीडीएफ.

हे वाचताना मला कायदा पहिल्यांदा कळला. आठवीपर्यंतच्या मुलांना दोन मैलांहून जास्त, आणि नववी ते बारावीच्या मुलांना अडीच मैलांहून जास्त अंतर असेल तर बस द्यावीच लागते. त्याच्या आतली बस ती "कर्टसी", म्हणजे डिस्ट्रिक्टने आपणहून दिलेली. तिच्यासाठी राज्याकडून पैसे येत नाहीत. म्हणून काटकसर आली की कुऱ्हाड पहिली तिच्यावर पडते. पण कायद्यात आणखीही एक कलम आहे: ज्या मुलांना धोकादायक वाटेने चालावं लागतं त्यांच्या वाहतुकीबद्दल कर्टसी बस देणाऱ्या डिस्ट्रिक्टने टाउनशिपसोबत निकष ठरवून पॉलिसी करायची, आणि त्यात वाहतूक किती, गाड्यांचा वेग किती, फुटपाथ पुरेसे आहेत का, आंधळी वळणं, पूल, रेल्वेरूळ आहेत का, हे बघता येतं.

यादीत आमच्या गावातले दोन रस्ते आधीपासून होते. आमचा नव्हता. कारण साधं: ती यादी केली तेव्हा आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स उभंच राहिलं नव्हतं. कुणी मुद्दाम डावललं नव्हतं. नंतर यादी उघडून बघायला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

अर्ज नाकारला तर गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे तक्रार करता येते किंवा सुपीरियर कोर्टात जाता येतं. कोर्टाची मुदत 45 दिवस. 2024 मध्ये ओप्रा बदलला आणि आता जिंकलात तरी वकिलाची फी परत मिळेलच असं नाही, तेव्हा आधी कौन्सिल बघा.

मीटिंगला जाण्याआधी माझ्या फाइलमध्ये हे होतं, तुमच्याही असावं:

- त्या दिवसाचा अजेंडा आणि मागच्या दोन मीटिंगांची मिनिट्स
- यूजर फ्रेंडली बजेट, म्हणजे बजेटचा सोप्या रूपातला सारांश. वेबसाइटवर टाकणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. मूळ बजेटमध्ये वाहतुकीच्या खात्यांत 270 हा आकडा असतो, तो शोधा
- तुमच्या विषयाची बोर्ड पॉलिसी, छापून
- मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, पैशांचा विषय असेल तर
- तुमच्या बाजूचे पालक किती, कुठल्या इमारतीतले, मुलं कितवीत, याची एका पानाची यादी

सह्यांबद्दल एक सांगते. ऑनलाइन अर्जावर आमच्या चारशे सह्या होत्या, त्यांतल्या निम्म्या पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या. बोर्डाने विचारलं, आपल्या टाउनशिपमधले किती? दुसऱ्या वर्षी आम्ही 38 घरांची कागदी यादी नेली. तिचं वजन जास्त पडलं.

अंतर मोजतानाही जपून. मोजणी चालायच्या सगळ्यांत जवळच्या वाटेने, घरापासून शाळेच्या सगळ्यांत जवळच्या सार्वजनिक दारापर्यंत होते. गाडीचं अंतर दाखवून भांडलात तर पहिल्याच मिनिटात मुद्दा हातचा जातो.

5. मीटिंगच्या रात्री

मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवणं बोर्डाला कायद्याने बंधनकारक आहे. किती वेळ ते बोर्ड ठरवतं, माणशी साधारण तीन ते पाच मिनिटं. बऱ्याच ठिकाणी दोन वेळा संधी असते: आधी फक्त अजेंड्यावरच्या विषयांवर, शेवटी कशावरही. तुमचा विषय अजेंड्यावर नसेल तर पहिल्या वेळी उठू नका, खाली बसवतात.

"कन्सेंट अजेंडा" या शब्दावर लक्ष ठेवा. वीस-पंचवीस ठराव एकत्र बांधून एकाच मताने मंजूर होतात. बसचे ठेके असेच जातात, मिनिटभरात. त्यावर बोलायचं असेल तर ते मताच्या आधीच.

मग क्लोज्ड सेशन. कर्मचाऱ्यांचे विषय, कोर्टकचेरी, युनियनशी वाटाघाटी, विद्यार्थ्यांची खासगी माहिती, यांसाठी बोर्ड दार बंद करू शकतं, पण आधी जाहीर ठराव करून, कारण सांगून. त्यात कारस्थान शोधू नका. मात्र कारण इतकं मोघम असेल की काहीच बोध होत नाही, तर ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

माझं दुसऱ्या वर्षीचं बोलणं जानेवारीत होतं, हायस्कूलच्या लायब्ररीत. माइकशेजारी दिव्यांचा छोटा खांब: हिरवा, पिवळा, लाल. मी एका कार्डावर इंग्रजीत 300 शब्द लिहून नेले होते, घरी घड्याळ लावून चार वेळा वाचले होते. माझा उच्चार ऐकून त्यांना कळणार नाही ही भीती होतीच, म्हणून सावकाश वाचलं. नाव आणि टाउनशिप सांगितली, मग लगेच मागणी: "या रस्त्याची धोकादायक वाट म्हणून तपासणी करावी आणि तो विषय पुढच्या ट्रान्स्पोर्टेशन कमिटीसमोर ठेवावा." मग पॉलिसीतलं वाक्य, मग आमच्या कॉम्प्लेक्सचं वर्ष आणि यादीचं वर्ष. पिवळा दिवा लागला तेव्हा माझी शेवटची ओळ चालू होती. कार्डाची प्रत सेक्रेटरींच्या हातात दिली.

या वेळी आम्ही पाचच जण बोललो आणि प्रत्येकाने वेगळा मुद्दा घेतला. एकाने गाड्यांच्या वेगाचे आकडे, एकीने बर्फाच्या दिवसांचे फोटो, एका आजोबांनी नातवाला सोडताना रोज काय होतं ते. आदल्या वर्षी अकरा जणांनी एकच गोष्ट अकरा वेळा सांगितली होती.

बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देत नाही, ती पद्धतच आहे. कुणा शिक्षकाचं किंवा दुसऱ्याच्या मुलाचं नाव माइकवर घेऊ नका. आणि नंतर बाहेर थांबून बीएंना विचारा, "कमिटी कधी बसते?"

6. मतदान: इथे फार सांभाळा

मीटिंगला येणं, बोलणं, ओप्रा, हे सगळ्यांना खुलं आहे. मतदान फक्त नागरिकांना. हे मी जोर देऊन लिहितेय, कारण मोटर व्हेइकल ऑफिसात लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो आणि घाईत माणूस "हो" करून बसतो. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असताना नोंदणी किंवा मतदान झालं तर पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळंच धोक्यात येऊ शकतं. नुसतं कुतूहल म्हणूनही करू नका. चुकून झालंच असेल तर आधी इमिग्रेशन वकील गाठा.

जे नागरिक झालेत त्यांनी मात्र बॅलटच्या तळापर्यंत जायला हवं. बोर्डाच्या जागा खाली असतात, पक्षाचं नाव नसतं, आणि बरेच जण तिथवर पोचतच नाहीत. उमेदवारांनी ठरावीक रकमेहून जास्त खर्च केला तर कुणी किती पैसे दिले ते राज्याच्या निवडणूक आयोगाकडे बघता येतं. न्यूअर्कमध्ये 2025 पासून 16 आणि 17 वर्षांची मुलंही बोर्डासाठी मत देतात.

उभं राहायचं असेल तर नागरिकत्व, मतदार नोंदणी आणि डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचा रहिवास हवा. नोव्हेंबरच्या निवडणुकीचा अर्ज जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत काउंटी क्लार्ककडे. बोर्डावर आपली माणसं हवीत असं मला मनापासून वाटतं, पण आधी वर्षभर मागच्या खुर्चीत बसून मीटिंगा ऐका.

7. ठरावानंतर

फेब्रुवारीत कमिटीने विषय घेतला. टाउनशिप पोलिसांनी दोन आठवडे रस्त्यावर वेग मोजायचं यंत्र लावलं. टाउनशिपची मीटिंग वेगळी, तिथेही आम्ही गेलो, क्रॉसिंग गार्ड मागितला. मेमध्ये बोर्डाने तो रस्ता यादीत घातला. गावातल्या बाकीच्या कर्टसी बस परत आल्या नाहीत. त्या पालकांचं म्हणणं अजून चालू आहे आणि मी त्यांच्या मीटिंगांना जाते.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं धरू नका. मिनिट्स मंजूर होतात ती पुढच्या मीटिंगला. त्यात ठरावाचा नंबर आणि शब्द तपासा. आमच्या मिनिट्समध्ये रस्त्याचं नाव बरोबर होतं, पण "कुठून कुठपर्यंत" ते गाळलं होतं. सेक्रेटरींना ईमेल केली, त्यांनी दुरुस्त केलं. जूनमध्ये बसच्या मार्गांची यादी कधी निघणार ते विचारलं, जुलैत पुन्हा विचारलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पास आला. त्यावर कॉम्प्लेक्सच्या फाटकाचं नाव आणि 8:12 ही वेळ. पहिल्या दिवशी आठ वाजताच नऊ मुलं तिथे रांगेत उभी होती आणि पलीकडच्या कोपऱ्यावर पिवळं जॅकेट घातलेला नवा क्रॉसिंग गार्ड हात वर करून गाड्या थांबवत होता.